‘टॉपर’ नावाचा फोल्डर

लातूरच्या एका क्लासच्या सरांनी मला फसवलं. नोकरी मिळावी म्हणून मी माझ्या हातानं तयार केलेली वेबसाइट त्यांनी मला न विचारता अख्ख्या बॅचला वाटली, आणि त्यापायी नांदेडच्या मुलाखतीत चोर मी ठरले. हे आधीच सांगून टाकते. कारण हल्ली हीच गोष्ट लोक मला वेगळ्याच चालीत ऐकवतात, आणि त्या चालीत मी फार मोठ्या मनाची बाई असते.

माझं मन किती मोठं आहे, हे बाजारात माझ्याशी भाव केलेल्या कुणालाही विचारा.

माझी माय आठवडी बाजारात बांगड्या भरायची. वडील मी लहान असतानाच वारले होते. घासाघीस मी मायकडून शिकले असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. माय मऊ होती. गिऱ्हाइकानं “अक्का, लई भाव लावून राहिल्या तुम्ही” म्हटलं की ती लगेच खाली यायची. मग टोपलीमागून मी बोलायचे, “मावशी, भाव कमी होतोय की. पण मग बांगडी बी अर्धीच भरते. चालंल का?” बाया हसायच्या, एखादी चिडायची, “अक्का, ही पोरगी सासरी नांदायची न्हाई बघा,” म्हणायची, पण पैसे पुरे देऊन जायची. बाजार उठला की माय मला रागवायची आणि वाटेत भजी घेऊन द्यायची.

भूकंप झाला त्या पहाटे मायनं मला पायाला धरून ओढलं आणि मी निघाले. धाकटा भाऊ भिंतीच्या कडेला झोपला होता. तो निघाला नाही. याच्यापुढं आमच्या घरात त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग पुनर्वसनाचं घर मिळालं. रांगेतली घरं इतकी एकसारखी होती की सुरुवातीला माय एकदा टोपली घेऊन सरळ दुसऱ्याच बाईच्या चुलीपाशी जाऊन बसली होती. तिथूनच मी शाळा शिकले, आणि पुढं लातूरला येऊन बारावी आणि कॉम्प्युटरची पदवी केली.

आता लातूरची एक रीत सांगते, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. लातुरात नोट्स कुणा एकाच्या मालकीच्या नसतात. ज्या पोराला बोर्डात मार्क पडले त्याच्या वह्या दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात. तिथून त्या पुढच्या बॅचला, तिथून त्याच्या पुढच्या. त्या पोराला कुणी विचारत नाही, आणि त्यालाही त्यात अभिमानच वाटतो. आमच्या वेळेला रसायनाच्या ज्या नोट्स फिरत होत्या त्यांच्यावर मूळ टॉपरनं कधीतरी चहा सांडला होता. झेरॉक्सची झेरॉक्स होता होता त्या डागाचा काळा ढग झाला होता, आणि पोरं तो ढगसुद्धा आकृती समजून वहीत उतरवून घ्यायची. मीही उतरवून घेतला होता.

आमचे सर मूळचे त्याच रसायनाचे. खाली अकरावी-बारावीचे वर्ग भरायचे, पोरांच्या चपलांचा ढीग जिन्यापर्यंत यायचा. सॉफ्टवेअरला दिवस आलेत हे ओळखून त्यांनी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर मांडले आणि पदवी झालेल्यांची बॅच सुरू केली. नोकरीची हमी, असं फलकावर लिहिलं होतं. शिकवायला दोन मुलं ठेवली होती, ती आमच्याच वयाची. सर स्वतः फक्त शनिवारी यायचे आणि आयुष्यावर बोलायचे.

एका शनिवारी ते पुण्याहून नवा शब्द घेऊन आले. पोर्टफोलिओ. “कंपन्या आता मार्क बघत नाहीत,” ते म्हणाले. “तू काय करून दाखवलंस ते बघतात. प्रत्येकाची स्वतःची वेबसाइट पाहिजे. त्यावर स्वतःची कामं पाहिजेत. स्वतःबद्दल दोन ओळी पाहिजेत. माणूस कळला पाहिजे.”

बॅचनं मुकाट्यानं घड्याळं आणि कॅल्क्युलेटर बनवायला घेतले. इंटरनेटवर पहिल्या पानावर जे मिळतं ते. मी विचार केला, घड्याळ बघून मला कोण घेणार? घड्याळ तर त्यांच्याकडं असेलच. माझ्याकडं काय आहे जे दुसऱ्याकडं नाही? माझ्याकडं बाजार होते.

म्हणून मी बाजारांची साइट केली. तालुका निवडायचा, वार निवडायचा, की त्या दिवशी कुठल्या गावाला बाजार भरतो ते समोर यायचं. एवढं कुणीही करील. पण माझ्या साइटवर हेही होतं की पहिली एसटी किती वाजता पोचते, विकणाऱ्याला बसायला सावली कुठल्या बाजूला मिळते, पाणी कुठं आहे, कुठल्या बाजारात दुपारनंतर बायका येतात आणि कुठं सकाळीच येऊन जातात. यातलं निम्मं मला पाठ होतं. उरलेलं मी मायला आणि तिच्या ओळखीच्या कासारणींना विचारून गोळा केलं. मुखेडच्या बाजाराचं माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. ती मुखेडची. मी आणि ती एकाच खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर स्वयंपाक करायचो. स्वभावानं गरीब, कामाला वाघीण, पण स्वतःहून काही सुचायचं नाही.

“मुखेडला धर्माबादची मिरची कुठं बसती ते बी लिहू का?” ती विचारायची.

“लिही की. तुझ्या गावात मिरची कुठं बसते ते पुण्याच्या माणसाला कोण सांगणार?”

“त्याला कशाला पाहिजे पण?”

“त्याला नको. मला पाहिजे. मला ह्यातलं सगळं माहीत आहे हे त्याला कळायला पाहिजे.”

स्वतःबद्दलच्या दोन ओळी लिहायला मात्र मला आठवडा लागला. कोडमध्ये अडले नाही तेवढी तिथं अडले. शेवटी लिहिलं की मी भूकंपातून वाचलेली मुलगी आहे, माझा भाऊ वाचला नाही, आणि आईबरोबर बाजार फिरत मी मोठी झाले. एवढंच. लिहून झाल्यावर मी पुसणार होते. मैत्रीण म्हणाली, “राहू दे. खरं हाय ते.” राहू दिलं.

हे सगळं करायला मला लॅब लागायची, आणि आमच्या बॅचला लॅब दिवसातून थोडाच वेळ मिळायची. मी सरांशी सौदा केला. सकाळी वर्ग भरायच्या आधी मला लॅब उघडून द्या, बदल्यात मी माझी साइट बॅचला पडद्यावर दाखवीन, कशी केली ते समजावीन. सर खूश झाले. “ठरलं,” म्हणाले. मी दाखवली. समजावली. पोरांनी वह्यांत लिहून घेतलं. सौदा तिथं संपला होता. दाखवायचं ठरलं होतं, द्यायचं नव्हे. बांगडी हातात धरून दाखवली म्हणजे ती विकली असं कुठल्या बाजारात धरतात?

मग माळेगावची जत्रा आली. जत्रेत मायचा वर्षाचा धंदा होतो. मी मदतीला गेले. मागं लॅबच्या कॉम्प्युटरवर माझं सगळं काम होतं, कारण माझ्याकडं स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता.

पुण्याची एक कंपनी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात येणार होती, आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या सगळ्या पोरांसाठी. सरांनी लातूरहून बॅचसाठी जीप केली होती. मी माळेगावहून सरळ एसटीनं नांदेडला आले, त्यामुळं बॅचमधलं कुणी मला आधी भेटलं नाही. ते भेटले असते तरी कुणी काही सांगितलं असतं असं नाही. त्यांच्या लेखी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

लेखी परीक्षा आदल्या दिवशी झाली, तिथंही माझा नंबर वेगळ्याच वर्गात आला होता. तीत मी पास झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मुलाखत होती. समोर एक मॅडम होत्या. माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांच्या लॅपटॉपवर माझी साइट उघडी होती.  त्या म्हणाल्या, “ही तुम्ही केली आहे?”

“हो.”

“पूर्ण?”

“पूर्ण. कुठलंही गाव विचारा.”

“गावं नको. सकाळी एका मुलीनं मला मुखेडच्या बाजाराबद्दल सगळं सांगितलं. मिरची कुठं, जनावरं कुठं, डोळ्यांपुढं उभं केलं. तिची पण हीच साइट होती. तुमची बाकीची मुलं पण आली, त्यांना एका गावाचं नाव नीट घेता येईना. म्हणजे मूळ काम कुणाचं, ते मला कळलंय.”

मला आधी काही समजलंच नाही. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. एकामागून एक साइट उघडून दाखवल्या. माझे रंग, माझे तालुके, माझी सावली, माझं पाणी. वर नाव दुसऱ्याचं, फोटो दुसऱ्याचा, फोन नंबर दुसऱ्याचा.

“आणि हे,” त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, राग आल्यासारखा. “ही भूकंपातल्या भावाची गोष्ट आज मी चौथ्यांदा वाचतेय. सगळ्यांचा भाऊ गेलाय. धर्माबादच्या मुलाचासुद्धा. तिथं तरी भूकंप झाला होता का? त्या सकाळच्या मुलीनं निदान हे लिहिलं नव्हतं. काम उचलता ते उचलता, निदान असल्या गोष्टी तरी उचलू नका.”

भूकंपानंतर माझी माय तलाठ्यापुढं, मग तहसिलात, मग आणखी कुठल्या टेबलापुढं उभी राहून सांगत होती की हा माझा मुलगा, ह्या नावाचा, एवढ्या वयाचा होता. तेव्हा मी तिचा पदर धरून उभी असायचे. तिला पुरावा द्यावा लागला होता. पण तिला कुणी खोटं पाडलं नव्हतं.

मी शांतपणे बोलायला हवं होतं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. मला बसवा, तुमच्यासमोर पहिल्यापासून लिहून दाखवते, असं मी म्हणालेही. पण ते मी ओरडून म्हणाले. टेबलावर हात आपटून म्हणाले. त्या म्हणाल्या, बाहेर बाकीची मुलं थांबली आहेत. मी म्हणाले, “तुमच्या घरचं कुणी ढिगाऱ्याखाली गेलंय का?” त्यांनी लॅपटॉप मिटला. मुलाखत संपली. मला त्या बाईचा आजही फारसा राग नाही. तिच्यापुढं पोत्यातून जो माल आला तो तिनं पाहिला. पोतं कुणी भरलं?

बाहेर व्हरांड्यात माझी मैत्रीण बसली होती. सकाळी मुलाखत झालेल्यांतल्या निवडलेल्यांची नावं लागली होती आणि तिचं नाव त्यात होतं. मला बघून ती पळत आली.

“झालं का गं तुझं? आपुन दोघी पुण्याला एकाच खोलीत राहू.”

“माझी साइट तुझ्याकडं कशी आली?”

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला यात काही वावगं वाटतच नव्हतं. “सरांनी दिली की. लॅबच्या सगळ्या कॉम्प्युटरवर फोल्डर टाकलाय. ‘टॉपर’ नावाचा. म्हणले, नाव अन् फोटो बदला, बाकी हात लावू नका, बिघडंल. तुला माहीत न्हाई? मला वाटलं तूच दिलीस.”

“आणि तू घेतलीस.”

“समद्यांनी घेतली. मी तर तुझ्या भावाची ती ओळ काढली गं. हात लावू नका म्हणले तरी काढली. तुझा भाऊ मी माझा कसा म्हणू?”

“भाऊ परत केलास,” मी म्हणाले, “आणि बाजार ठेवून घेतलास.”

ती रडायला लागली. मी निघाले. तिनं ती ओळ चांगुलपणानं काढली होती हे मला तेव्हाही कळत होतं. त्या चांगुलपणामुळंच ती खरी ठरली आणि मी खोटी, हे मात्र तिला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लातूरला सरांच्या केबिनमध्ये होते. जिन्यावरच्या चपला तुडवत वर गेले. सरांनी आधी अभिनंदन केलं. माझं नव्हे, बॅचचं. जीपमधून गेलेली माझी मैत्रीण निवडली गेली होती.

“बस बेटा. चहा घे.”

“चहा नको सर. माझी साइट तुम्ही वाटली.”

“हो. मग? सगळ्यात चांगली होती म्हणून वाटली. तुझा मान केला.”

“मला विचारलं नाही.”

सर हसले. खरोखर हसले, आणि माझं डोकं तिथंच फिरलं. “टॉपरच्या नोट्स वाटायला कधी टॉपरला विचारतात का? तू बारावीला ज्या नोट्स वापरल्या, त्या कुणाला विचारून वापरल्या?”

“त्या रसायनाच्या होत्या सर. रसायन सगळ्यांचं सारखंच असतं. भाऊ सगळ्यांचा सारखा असतो का?”

 ती ओळ आपण वाचलीच नव्हती, असं ते म्हणाले. मला ते खरं वाटतं. अख्खी साइट न वाचता त्यांनी ती वाटली होती. मग त्यांनी मला समजावायला सुरुवात केली. मी त्यांच्याच क्लासवर शिकवावं. दारावरच्या फ्लेक्सवर माझा मोठा फोटो लावू. पुढच्या वेळी दुसरी कंपनी येईल तेव्हा सर्वांत आधी माझं नाव. मी म्हणाले, आधी त्या कंपनीला पत्र लिहा. तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीनं, की हे काम माझं आहे आणि बाकीच्यांना ते तुम्ही दिलं. मग बाकीचं बोलू.

त्यांनी खरंच लेटरहेड काढलं. पेनही उघडलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “लिहितो. पण हे पत्र गेलं की तुझ्या मैत्रिणीची नोकरी जाणार. तिच्या घरी पेढे वाटून झालेत. तिला बाप नाही, धाकट्या बहिणी आहेत. तूच सांग. लिहू का नको?”

हा भाव करण्याचा जुना डाव आहे. माल आपल्या हातात नाही, गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा, म्हणजे फुटला तर त्याच्या हातून फुटला. मी तो ओळखला. तिच्या बहिणी मला माहीत होत्या. एक तर आमच्याकडं राहूनही गेली होती. त्या वेळात माझ्या डोक्यात जे आलं ते सगळं येऊन गेलं. आणि मग मी म्हणाले, “लिहा.”

सरांनी पेन मिटलं. “नीट विचार करून सांग बेटा.”

“विचार करूनच सांगितलं. लिहा.”

“उद्या लिहितो.”

ते पत्र कधी लिहिलं गेलं नाही. मी पुन्हा दोनदा गेले, दोन्ही वेळा सर वर्गावर होते. तिसऱ्यांदा मी जिन्यावर इतका तमाशा केला की खालच्या अकरावीच्या पोरांनी खिडक्यांतून डोकी काढली. त्यानंतर मला आत सोडणं बंद झालं. पुढच्या बॅचला तोच फोल्डर मिळाला. त्याच्या पुढच्यालाही. मी पुण्याला अर्ज करायचे, आणि मला उत्तर यायचं नाही. माझी स्वतःची साइट उतरवून मला दुसरी करावी लागली. तिच्यावर भावाचा उल्लेख नाही.

नोकरी मला त्या वर्षी लागली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शेवटी मी नांदेडला आडत दुकानांच्या हिशोबाची सॉफ्टवेअर करून द्यायला सुरुवात केली. आडत्यांशी भाव करायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. आज माझं ऑफिस आहे. हे मी सरांमुळं नाही, सर असूनही केलं. त्यामुळं झालं ते बऱ्यासाठीच झालं, असं मला कुणी सांगू नये. मायला लेक पुण्याच्या कंपनीत लागलेली बघायची होती. तिनं तेवढं एकच मागितलं होतं. ते बघायच्या आधी ती गेली.

हे सगळं मी गिळून बसले असते. नसते बसले, पण निदान लिहिलं नसतं. गेल्या वर्षी क्लासचा मोठा समारंभ झाला आणि त्याचा व्हिडिओ माझ्या फोनवर आला. स्टेजवर सर. केस पांढरे झालेत, आवाज तोच, शनिवारचा. ते पालकांना सांगत होते: “आमची एक विद्यार्थिनी. भूकंपग्रस्त. तिचं काम तिच्या मैत्रिणीच्या नावावर गेलं. मी लेटरहेड काढलं, पेन हातात घेतलं, विचारलं, बेटा, लिहू? ती पोरगी म्हणाली, नको सर, तिची नोकरी जाईल. असे संस्कार आम्ही देतो.” टाळ्या. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती.

मैत्रिणीचा पुण्याहून फोन आला. रडत होती. “तू असं म्हणली होतीस? इतकी वर्षं सांगितलं न्हाईस मला.”

“मी असं म्हटलं नव्हतं. मी ‘लिहा’ म्हटलं होतं.”

ती रडता रडता हसली. “तू अशीच. उपकार करतीस अन् वर शिव्या देतीस.”

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा नाही ऐकलं. आता ती मला दर सणाला साडी पाठवते. तिच्या मुलींना माझी गोष्ट सांगते, आणि ती पोरगी मीच, हे भेटेल त्याला सांगते. बाजारात, लग्नात, बँकेत लोक मला थांबवून म्हणतात, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत. मी खरं सांगायला तोंड उघडलं की ते म्हणतात, बघा, किती नम्र.

त्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. तिसरं कुणी नव्हतं. त्यामुळं हे आता फक्त एकच माणूस सांगू शकतो.

सर, माझं काम तुम्ही वाटलं, माझा भाऊ वाटला, आणि आता मी कधी न बोललेलं वाक्य माझ्या नावानं वाटून राहिलात. तुमचा पुढचा समारंभ लवकरच आहे, पत्रिका मलाही आली आहे, प्रमुख पाहुणी म्हणून. मी येईन. पण मी बोलायच्या आधी तुम्ही बोलायचं. त्याच माइकवर, त्याच पालकांपुढं, माझ्या मैत्रिणीला पहिल्या रांगेत बसवून. तो फोल्डर कुणाला विचारून वाटलात ते सांगा. पत्र का लिहिलं नाही ते सांगा. आणि त्या दुपारी तुम्ही विचारलंत, लिहू का नको, तेव्हा मी काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं सांगा.